चार्ली चॅनचा मोठा मुलगा आणि ग्रेम्लिन्सचा म्हातारा एकच का? कीय ल्यूकबद्दल सांगा ना कोणीतरी

पावसाळी_रविवार

नमस्कार मंडळी, बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते घरीच आहेत आणि त्यांना जुने ब्लॅक अँड व्हाइट इंग्रजी पिक्चर फार आवडतात, तेव्हा रोज दुपारी जेवणं आटोपली की लॅपटॉप टीव्हीला जोडून आम्ही दोघं एक पिक्चर लावतो. गेल्या आठवड्यात चार्ली चॅनचे लागोपाठ तीन झाले, पॅरिसवाला, ऑपेरावाला आणि ऑलिम्पिकवाला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, चार्ली चॅन हा होनोलुलूच्या पोलिसातला चिनी डिटेक्टिव्ह, जाडसर, शांत, सारखं वाकून नमस्कार करणारा, तुटक इंग्रजीत म्हणी सांगणारा, आणि खुनी मात्र बरोबर पकडणारा. आणि त्याच्याबरोबर त्याचा मोठा मुलगा ली, हा सगळीकडे बापाच्या आधी धावतो, चुकीच्या माणसाचा पाठलाग करतो, पण बोलतो मात्र अगदी अमेरिकन पोरासारखा, फाडफाड.

तर झालं असं की दुसरा पिक्चर चालू असताना बाबा मधेच म्हणाले, "अगं, बाप काही मला चिनी वाटत नाही, पण पोरगा खरा चिनी आहे." मी थांबवून शोधलं तर खरंच, बापाचं काम करणारा वॉर्नर ओलंड हा स्वीडनमध्ये जन्मलेला! आणि पोराचं काम करणारा कीय ल्यूक. त्याचा म्हातारपणीचा फोटो बघितला आणि मी उडालेच, कारण हा तर ग्रेम्लिन्समधला तो पाईप ओढणारा आजोबा, एक डोळा पांढरा झालेला, दुकानात तो गोड प्राणी असलेला. तो पिक्चर आम्ही शाळेत असताना केबलवर किती वेळा बघितलाय त्याला गणती नाही.

१९३५ ते १९८४, म्हणजे पन्नास वर्षं! ह्या माणसाबद्दल मला सगळं जाणून घ्यायचंय. तो मुळात आला कुठून, एवढी वर्षं टिकला कसा, त्याला कधी हिरो केलं का कोणी, आणि बापाचं काम चिनी माणसाला का नाही दिलं? शिवाय आम्ही पुढे काय बघावं तेही सांगा. बाबा रोज विचारतायत.

---

जुनी_रीळ

वा, ह्या माणसाबद्दल कोणीतरी विचारलं, मन भरून आलं. मी गेली वीसेक वर्षं त्या काळातले पिक्चर गोळा करतोय आणि श्रेयनामावलीत खालून तिसऱ्या-चौथ्या ओळीत असणारी जी माणसं आहेत त्यांच्यावर माझा जास्त जीव, त्यात हा पहिला.

हो, एकच माणूस. जन्म जून १९०४, चीनमधल्या ग्वांगजौचा, तेव्हा त्याला कॅंटन म्हणायचे. वडिलांचं कलावस्तूंचं दुकान होतं. अगदी लहान असताना घरचे अमेरिकेत आले आणि तो सिअ‍ॅटलला वाढला. आता महत्त्वाचं, तो मुळात नट नव्हताच, चित्रकार होता. स्टुडिओंच्या जाहिराती, पोस्टरं, प्रसिद्धीची चित्रं हे त्याचं पोटापाण्याचं काम. हॉलिवूडमधलं ते प्रसिद्ध ग्रॉमन्स चायनीज थिएटर आहे ना, ज्याच्या अंगणात सिमेंटमध्ये नटनट्यांच्या हातापायांचे ठसे आहेत, तिथल्या आतल्या भित्तिचित्रांवर ह्याचा हात फिरलेला आहे. १९३३ च्या किंग काँगच्या प्रसिद्धीसाठी सुद्धा त्याने शाईने चित्रं काढली होती. म्हणजे पडद्यावर यायच्या आधीच तो त्या धंद्यात आतून होता, आणि माझ्या मते तो टिकला त्याचं एक कारण हे पण असेल, की त्याला सेटवर बुजल्यासारखं कधी झालंच नसणार.

पहिला पिक्चर १९३४ चा द पेंटेड व्हेल, ग्रेटा गार्बोचा. गंमत बघा, त्याच पिक्चरमध्ये वॉर्नर ओलंड पण आहे, चिनी जनरलच्या भूमिकेत. आणि पुढच्याच वर्षी हे दोघं बापलेक झाले. ओलंडबरोबर ल्यूकने एकूण आठ चॅनपट केले, पॅरिस, शांघाय, सर्कस, रेस ट्रॅक, ऑपेरा, ऑलिम्पिक, ब्रॉडवे, मॉन्टे कार्लो. पहिला केला तेव्हा वय तीस, आणि पडद्यावर कॉलेजचा पोरगा. चेहराच तसा होता, वय दिसायचंच नाही. हे वयाचं प्रकरण लक्षात ठेवा, पुढे ते फार वेगळ्या वळणावर येतं.

बापाचं काम चिनी माणसाला का नाही दिलं ह्याचं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरात ज्याचं, तो गोराच हवा असा स्टुडिओंचा हिशोब. चॅन पडद्यावर पहिल्यांदा आला १९२६ मध्ये, तेव्हा आणि त्याच्या पुढच्या वर्षी ते काम जपानी नटांनी केलं होतं, जॉर्ज कुवा आणि सोजिन, पण ती पात्रं तेव्हा कथेत कोपऱ्यात होती. चॅन मध्यभागी आला तसा तो गोऱ्या नटाकडे गेला. ओलंडनंतर सिडनी टोलर, तोही गोरा, त्याच्यानंतर रोलंड विंटर्स, तोही गोरा. पोरं मात्र सगळी आशियाई वंशाची.

ऑगस्ट १९३८ मध्ये ओलंड स्टॉकहोमला वारला. त्याच वर्षी सुरुवातीला एक चॅनपट अर्धवट सोडून तो सेटवरून निघून गेला होता, मग स्टुडिओने तीच गोष्ट फिरवून मिस्टर मोटोज गॅम्बल म्हणून काढली, त्यात डिटेक्टिव्ह जपानी, काम करणारा युरोपातून आलेला पीटर लॉरे, आणि त्याचा शिष्य म्हणून ली चॅन, म्हणजे आपला ल्यूक, तसाच्या तसा! बाप बदलला तरी पोरगा तोच. त्यानंतर तो चॅनमालिकेतून बाहेर पडला.

आणि दहा वर्षांनी परत आला. १९४८ चा द फेदर्ड सर्पंट आणि १९४९ चा द स्काय ड्रॅगन. आता बापाच्या कामात रोलंड विंटर्स. विंटर्सचा जन्म नोव्हेंबर १९०४ चा. ल्यूकचा जून १९०४ चा. म्हणजे पडद्यावर "पॉप, पॉप" करणारा मुलगा बापापेक्षा पाच महिन्यांनी मोठा, आणि तोपर्यंत स्वतः चव्वेचाळीस वर्षांचा! हे मी पहिल्यांदा पडताळून बघितलं तेव्हा दोन्ही तारखा कागदावर लिहून मोजल्या होत्या.

हिरोचं विचारलंत, तर एकदा केलं. १९४० चा फँटम ऑफ चायनाटाउन. मोनोग्राम नावाची छोटी स्वस्तातली कंपनी होती, त्यांची मिस्टर वाँग नावाच्या चिनी डिटेक्टिव्हची मालिका होती, पाच पिक्चरमध्ये बोरिस कार्लॉफ वाँग झाला होता, सहाव्यात ल्यूक. बोलपटांच्या काळात अमेरिकन पिक्चरमध्ये चिनी डिटेक्टिव्ह हिरो आणि तो रंगवणारा सुद्धा चिनी, असं आधी झालेलं नव्हतं. आणि तिथेच मालिका बंद पडली. यूट्यूबवर सापडेल, तासाभराचा आहे, आज दुपारी तोच लावा.

---

शुभदा_एस

माहिती छान दिलीत रीळदादा, पण मला हे सगळं वाचून आनंद कमी आणि वाईट जास्त वाटलं, आणि ते वाटलेलं लिहायलाच हवं म्हणून लिहितेय.

तुम्ही म्हणता टिकला, पण टिकला म्हणजे काय केलं, तर पन्नास वर्षं दुसऱ्याच्या गोष्टीत मुलगा, नोकर, ड्रायव्हर, डॉक्टरचा सहकारी, दुकानदार. १९४० मध्ये द ग्रीन हॉर्नेट नावाची सीरियल आली त्यात तो केटो, म्हणजे गोऱ्या हिरोची गाडी चालवणारा. गाडी पण त्यानेच बनवलेली, डोकं त्याचं, नाव मालकाचं. (तेच पात्र पुढे १९६६ ला टीव्हीवर ब्रूस लीने केलं.)

आणि द गुड अर्थ आठवा, १९३७ चा. अख्खी गोष्ट चिनी शेतकऱ्याच्या घरातली, आणि नवरा पॉल म्युनी, बायको लुईझ रेनर, दोघंही युरोपात जन्मलेले गोरे. ल्यूक त्यात मोठा मुलगा, परत मुलगाच! टोळधाड येते तो प्रसंग बघा, त्या पिक्चरमधला सगळ्यात मोठा प्रसंग तो, आकाश काळं होतं आणि हा शिकून आलेला मुलगा सगळ्यांना सांगतो की असं असं करा म्हणजे पीक वाचेल. डोळे चमकतात त्याचे. मला तेव्हा वाटलं की ह्या माणसाला अजून चार प्रसंग द्यायला हवे होते. त्या पिक्चरमध्ये ओ-लानचं, म्हणजे त्या बायकोचं काम ॲना मे वाँगला मिळायला हवं होतं असं तेव्हाही लोक म्हणत होते, लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली, चिनी वंशाची, त्या वेळेपर्यंत जगभर नाव असलेली नटी. पण नवरा गोरा नट म्हटल्यावर बायको खरी चिनी चालणार नव्हती, कारण तेव्हाच्या सेन्सॉरच्या नियमावलीत दोन वंशांमधलं प्रेम पडद्यावर दाखवायला बंदी. तिला दुसऱ्या बाईचं, म्हणजे घर मोडणाऱ्या लोटसचं काम देऊ केलं, ते तिने नाकारलं. रेनरला ऑस्कर मिळालं. ॲना मे वाँग ते काम हुकल्यावर १९३६ मध्येच चीनला निघून गेली होती काही महिने.

त्याच वर्षांमध्ये आपल्या मुंबईत जन्मलेली मर्ल ओबेरॉन हॉलिवूडमध्ये मोठी हिरॉईन होती, कारण तिने आपली आई कोण हे जगापासून लपवून ठेवलं होतं. तिला लपवता आलं. ल्यूकला लपवता येण्यासारखं नव्हतं, आणि त्याने लपवायचा प्रयत्नही केला नाही.

मग युद्ध आलं. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांना उचलून छावण्यांमध्ये टाकलं, आणि पडद्यावर दुष्ट जपानी दाखवायला माणसं हवी होती, ती कुठून आणणार, तर चिनी आणि कोरियन वंशाचे नट. रिचर्ड लू ह्या हवाईत जन्मलेल्या चिनी वंशाच्या नटाची युद्धाची वर्षं मुख्यतः जपानी अधिकारी करण्यात गेली. ज्या देशाने तुमच्या आईबापांच्या देशावर हल्ला केला त्याचाच गणवेश घालायचा आणि कॅमेऱ्यासमोर छद्मी हसायचं. रोज सकाळी मेकअपच्या खुर्चीत बसताना काय वाटत असेल हो?

मी ते पिक्चर बघू नका म्हणत नाहीये. पण चार्ली चॅन अ‍ॅट द ऑपेरात तो सार्जंट चॅनला चॉप सुई म्हणून हाक मारतो तेव्हा मला पुढचा तासभर गोड लागत नाही.

---

सिअ‍ॅटलकर_नाना

मी इथे सिअ‍ॅटलला १४ वर्षं राहतोय. ल्यूक इथल्या चायनाटाउनमध्ये वाढला, फ्रँकलिन हायस्कूलला होता, ती शाळा अजून आहे, माझ्या ऑफिसच्या बसच्या रस्त्यावरच. लाल विटांची जुनी इमारत. मला आजपर्यंत पत्ता नव्हता की हा तिथे शिकला. (इथे विंग ल्यूक म्युझियम म्हणून आशियाई लोकांच्या इतिहासाचं फार सुंदर संग्रहालय आहे, पण तो विंग ल्यूक वेगळा, सिअ‍ॅटलच्या नगरपरिषदेवर १९६२ ला निवडून आलेला, आडनावावरून गल्लत करू नका, मी आधी केली होती.)

तुमच्या चर्चेत एक गोष्ट राहिलीये, कायद्याची. १८८२ पासून अमेरिकेत चिनी लोकांना बंदी घालणारा कायदा होता. चिनी मजूर येऊ शकत नव्हते आणि जे आधीच इथे होते पण जन्म चीनमधला, त्यांना नागरिकत्व मिळत नव्हतं, कितीही वर्षं राहा, कर भरा, काहीही करा. तो कायदा १९४३ ला रद्द झाला, चीन युद्धात मित्रराष्ट्र होता म्हणून, आणि तेव्हाही वर्षाला फक्त १०५ चिनी लोकांना येण्याची परवानगी. ल्यूक अमेरिकेचा नागरिक झाला १९४४ मध्ये. म्हणजे चाळिसाव्या वर्षी! सगळं आयुष्य इथे काढून!

आता हे डोक्यात ठेवून ऑलिम्पिकवाला चॅनपट परत आठवा. १९३७ चा पिक्चर, १९३६ चं बर्लिन ऑलिम्पिक, आणि ली चॅन अमेरिकेच्या टीममधला पोहणारा. अंगावर अमेरिकेचा ब्लेझर. बोटीवर बाकीच्या गोऱ्या पोरांबरोबर हसतखिदळत चाललाय, टीमचा एक मेंबर, कोणी त्याला वेगळं काढत नाही, आणि पोरं पण काय सहज वागतात त्याच्याशी. पडद्यावरचा ली होनोलुलूचा म्हणून तो नागरिक. पण तो ब्लेझर घालणारा खरा माणूस त्या दिवशी अमेरिकेचा नागरिक नव्हता आणि त्याला होता पण येत नव्हतं. मी इथे ग्रीन कार्डच्या रांगेत अकरा वर्षं काढली, त्यामुळे हे वाचल्यावर मी जरा वेळ गप्पच बसलो. आपल्या लोकांना तर हा दरवाजा १९४६ ला उघडला, वर्षाला १०० जणांना.

म्हणून शुभदाताई, तुमचं सगळं पटतं, पण त्या काळात थिएटरमध्ये बसलेल्या चिनी पोराला तो ब्लेझर बघून काय वाटलं असेल तेही मोजा.

---

पावसाळी_रविवार

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सगळं मिळेल असं वाटलंच नव्हतं. बाबांना सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले, पाच महिन्यांनी मोठा मुलगा ऐकून त्यांनी मला दोनदा परत वाचायला लावलं.

फँटम ऑफ चायनाटाउन काल बघितला. प्रिंट खराब आहे, आवाज खरखरतो, सेट म्हणजे दोन खोल्या आणि एक जिना, मधे मधे कंटाळवाणा पण आहे हे खरं सांगते. पण तो माणूस! इथे तो धडपडत नाही, धावत नाही. साधा सूट, डोक्यावर हॅट, शांतपणे खोलीत येतो, नजर फिरवतो, आणि पोलीस इन्स्पेक्टर त्याच्याकडे बघायला लागतो की आता हा काय म्हणतो. म्हणी नाहीत, वाकून नमस्कार नाही, तुटक इंग्रजी नाही. साधा शिकलेला अमेरिकन तरुण, आणि चिनी. गोष्ट अशी आहे की एक गोरा प्रोफेसर मंगोलियातून एका मिंग राजाची कबर उकरून आलाय आणि भाषण देताना मरतो. त्यात एक संवाद आहे, की बदल्यात आता एक चिनी पथक जॉर्ज वॉशिंग्टनचं शव उकरून काढतंय. बाबांनी तिथे मागे नेऊन परत ऐकवायला लावलं. १९४० साली अमेरिकन पिक्चरमध्ये हे वाक्य कसं काय सुटलं! आणि असला हिरो हाताशी असताना मालिका बंद का केली?

पुढे काय झालं त्याचं? तिथून ग्रेम्लिन्सपर्यंत मधे चव्वेचाळीस वर्षं आहेत.

---

रंकाळा

अवांतर लिहितोय, पण धाग्याला धरूनच आहे.

हे सगळं वाचताना मला सारखा डॉ. कोटनीस की अमर कहानी आठवत होता. १९४६ चा, शांतारामबापूंचा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले, युद्धात जखमींवर ऑपरेशनं करत राहिले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं आणि डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. पिक्चर आपल्या सगळ्यांच्या घरात आदराने बघितला गेलाय, माझ्या आजोबांना तर त्यातले प्रसंग पाठ होते. पण त्यात चिनी नर्स चिंग लान कोण, तर जयश्रीबाई. चिनी जनरल कोण, तर बाबूराव पेंढारकर! मेकअप करून, डोळे बारीक करून, बोलण्याची लकब बदलून. जयश्रीबाईंनी काम सुंदर केलंय, त्यात वादच नाही, मी आजही तो पिक्चर लागला की बघतो. पण ओलंड चिनी झाला ह्याचा राग करताना मला आपला पिक्चर बाजूला ठेवता येत नाही. तेव्हा कलकत्त्यात, मुंबईत चिनी वस्ती होतीच की.

फरक एवढाच दिसतो की आपल्या त्या पिक्चरमध्ये कोणाला हसायला चिनी पात्र ठेवलेलं नाही, सगळी माणसं मानाने उभी केलीयेत. पण चिनी पात्र चिनी माणसानेच करावं हे तेव्हा आपल्याकडेही कोणाच्या मनात आलं असेल असं वाटत नाही.

---

जुनी_रीळ

रंकाळा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी कोटणीस कमीत कमी सहा वेळा बघितलाय आणि ह्या बाजूने कधी विचार केला नव्हता.

आता पावसाळी_रविवार यांच्या प्रश्नाचं, मधल्या वर्षांचं.

युद्धाच्या काळात मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या डॉ. गिलेस्पीच्या हॉस्पिटलवाल्या पिक्चरमध्ये त्याला डॉ. ली वाँग हाऊचं काम मिळालं, १९४२ पासून. हा डॉक्टर ब्रुकलिनचा, चिनी वंशाचा, आणि म्हाताऱ्या गिलेस्पीचा असिस्टंट व्हायला गोऱ्या डॉक्टरबरोबर बरोबरीने चढाओढ करणारा. जाऊन बघा, मला तो चॅनच्या मुलापेक्षा जास्त आवडतो. पुढे पन्नासच्या दशकात टीव्ही आला, छोटी छोटी कामं, मग १९५८ ला ब्रॉडवेवर फ्लॉवर ड्रम साँग हे म्युझिकल, सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या घराची गोष्ट, जीन केलीचं दिग्दर्शन, त्यात ल्यूक घरातला कर्ता पुरुष. जुन्या वळणाचा बाप. शेवटी बाप झाला एकदाचा! ६०० प्रयोग झाले. पण १९६१ ला त्याचा पिक्चर निघाला तेव्हा ते काम गेलं बेन्सन फाँगकडे, आणि हा बेन्सन फाँग कोण, तर टोलरच्या चॅनपटांमधला तिसरा मुलगा टॉमी. ल्यूकचा सख्खा धाकटा भाऊ एडविन पण एका चॅनपटात चौथा मुलगा झाला होता, १९४५ चा द जेड मास्क. म्हणजे काही वर्षं हॉलिवूडमध्ये चिनी वंशाच्या तरुण नटाला काम म्हणजे चार्ली चॅनच्या घरातलं अजून एक पोर.

दुसरा मुलगा जिमी, त्याचं काम करणारा व्हिक्टर सेन यंग, ह्याची गोष्ट पण सांगतो कारण ती मला सोडत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, आग लागू नये म्हणून कापडाला वगैरे लावायचं केमिकल विकायला फॉक्स स्टुडिओत गेला आणि नट होऊन बाहेर आला. चांगला नट, बेट डेव्हिसच्या द लेटरमध्ये वकिलाच्या कारकुनाचं काम बघा, थंड, विनयशील, आणि अंगावर काटा आणणारा. पण जग त्याला ओळखतं ते बोनान्झा ह्या टीव्ही मालिकेतला स्वयंपाकी हॉप सिंग म्हणून, चौदा वर्षं. १९७२ ला तो ज्या विमानात होता ते पळवलं गेलं आणि एफबीआयच्या गोळीबारात त्याला गोळी लागली. वाचला. १९८० ला घरातल्या गॅसच्या गळतीने गेला. तेव्हा तो मातीची भांडी करून पैसे मिळवत होता. बोनान्झामधला त्याचा सहकारी पर्नेल रॉबर्ट्स अंत्यसंस्कारात बोलला. शुभदाताई, तुमच्या बाजूने ही गोष्ट आहे आणि माझ्याकडे तिला उत्तर नाही.

पण ल्यूकचं स्वतःचं म्हणणं वेगळं होतं आणि ते सांगायला हवं. नंतरच्या काळात अमेरिकेतल्या आशियाई वंशाच्या तरुण पिढीने चार्ली चॅनवर टीका सुरू केली, योग्यच होती, पुढे २००३ मध्ये एका चॅनलने चॅनपटांचा महोत्सव विरोधामुळे रद्दही केला. पण ल्यूक शेवटपर्यंत चॅनची बाजू घेत राहिला. त्याचं म्हणणं, यात अपमान कसला, अहो तो चिनी हिरो आहे, सगळ्यात हुशार तोच आहे, आणि आम्ही हॉलिवूडमधल्या सगळ्यात चांगल्या रहस्यकथा करत होतो. ओलंडबद्दल तर तो नेहमी प्रेमाने बोलायचा. मला वाटतं त्याच्या आधीच्या पडद्यावर चिनी माणूस म्हणजे अफूच्या अड्ड्यावरचा खुनी असायचा, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्यासमोर चांगलं इंग्रजी बोलणारा, बापावर जीव टाकणारा मुलगा ही केवढी मोठी उडी. मी त्याला ह्यावरून बोल लावू शकत नाही.

आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. १९७२ मध्ये चॅनच्या कुटुंबावर लहान मुलांची कार्टून मालिका आली, द अमेझिंग चॅन अँड द चॅन क्लॅन. त्यात चार्ली चॅनला आवाज कोणी दिला? कीय ल्यूकने. अमेरिकेत चॅनचं काम चिनी वंशाच्या माणसाने केलं ते पहिल्यांदाच. पॅरिसवाल्या पिक्चरमध्ये तो मुलगा झाला त्याला तेव्हा सदतीस वर्षं झाली होती, आणि तरी चेहरा दिसला नाहीच, नुसता आवाज.

त्याच वर्षी कुंग फू मालिका आली. परत तेच, हिरो डेव्हिड कॅराडाइन, गोरा. पण त्याचा आंधळा गुरू मास्टर पो म्हणजे ल्यूक. डोळ्यांत पांढऱ्या कॉन्टॅक्ट लेन्स, त्यातून त्याला जवळजवळ काही दिसायचं नाही. पहिल्याच भागात तो लहान शिष्याला विचारतो, डोळे मीट आणि सांग काय ऐकू येतंय. पोरगा म्हणतो पाणी, पक्षी. स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात का? नाही. तुझ्या पायाशी नाकतोडा आहे तो? पोरगा खाली बघतो, खरंच असतो. विचारतो, म्हाताऱ्या माणसा, तुला हे सगळं ऐकू कसं येतं? आणि ल्यूक हलकंसं हसून उलट त्यालाच विचारतो, तुला कसं येत नाही? चेहरा जवळजवळ हलत नाही. सगळं आवाजात. ज्या माणसाने पस्तीस वर्षांपूर्वी दर पिक्चरमध्ये जिन्यावरून धावून दाखवलं, त्याचा हा आवाज.

मग ग्रेम्लिन्स. वयाचं प्रकरण लक्षात ठेवा म्हटलं होतं ना, इथे ते परत येतं. शूटिंगच्या वेळी तो ऐंशीच्या आसपास होता आणि इतका तरुण दिसायचा की म्हातारा दिसण्यासाठी त्याला मेकअप करावा लागला! शेवटचा प्रसंग परत बघा, सगळं गाव उद्ध्वस्त झाल्यावर तो त्या घरात येतो, प्राण्याला परत पेटीत घेतो, त्या कुटुंबाला सांगतो की निसर्गाने दिलेल्या प्रत्येक गोष्टीचं तुम्ही जे केलंत तेच ह्याचं केलंत. आवाज चढवत नाही. आणि दारातून जाताना वळतो आणि त्या पोराला म्हणतो, एक दिवस तू तयार होशील कदाचित. खोलीतली बाकीची सगळी माणसं त्याच्याकडे बघत उभी आहेत.

शेवटचा पिक्चर १९९० चा अ‍ॅलिस, वुडी ॲलनचा, त्यात चायनाटाउनमधला जडीबुटी देणारा डॉ. यांग. डिसेंबर १९९० मध्ये हॉलिवूडच्या फुटपाथवर त्याच्या नावाचा तारा बसवला आणि जानेवारी १९९१ मध्ये तो गेला, ८६ व्या वर्षी.

---

शुभदा_एस

सेन यंगची गोष्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं. द लेटर मी बघितलाय आणि तो कारकून मला चांगला आठवतोय, त्याचं नाव मात्र आत्ता कळलं. गिलेस्पीवाले पिक्चर शोधते.

माझं म्हणणं मी बदलत नाही, ह्या लोकांना मिळायला हवं होतं ते मिळालं नाही. पण नानांचा ब्लेझर आणि रीळदादांचा नाकतोडा, दोन्ही परत बघणार.

---

पावसाळी_रविवार

बाबा सांगतायत तसं टाईप करतेय : "सर्वांना नमस्कार. मी एकोणीसशे अठ्ठेचाळीसचा, म्हणजे द फेदर्ड सर्पंटच्या वर्षीचा. आज तोच लावायचा आहे. मुलीला सांगितलंय, बाप आणि मुलगा एका फ्रेममध्ये आले की थांबव, मला दोघांचे चेहरे नीट बघायचेत."

(रीळदादा, दुसरा मुलगा पण ह्याच पिक्चरमध्ये आहे ना? यादीत ल्यूक आणि सेन यंग दोघांची नावं दिसतायत.)

---

जुनी_रीळ

हो, आहे! दोघं मुलगे एकत्र असलेला तो एकच चॅनपट. काकांना माझा नमस्कार सांगा. गोष्ट यथातथाच आहे, पण तुम्ही दोघांनी त्या तिघांकडे बघा.